स्थिरांक आधी की शेवटी? अ‍ॅड्रेसची बेरीज कोणत्या क्रमाने लावावी

स्वतःच्या कंपायलरचा बॅकएंड (मशीन कोड तयार करणारा भाग) लिहायला घेतलात की हा प्रश्न लवकरच समोर येतो. आठ-आठ बाइट्सच्या घटकांचा अ‍ॅरे आहे आणि लूपमध्ये ए[आय+३] वाचायचा आहे. अ‍ॅड्रेस होतो बेस (अ‍ॅरेची सुरुवात) + ८×आय + २४. बेरीज कशीही केली तरी उत्तर तेच. पण कोणती पदं आधी जोडली, यावर लूपमध्ये किती इन्स्ट्रक्शन्स उरतात आणि किती रजिस्टर्स (प्रोसेसरमधल्या मोजक्या जलद जागा) अडकतात ते ठरतं.

पहिला क्रम: (बेस + ८×आय) + २४. स्थिरांक शेवटी, म्हणून तो लोडच्या (मेमरीतून वाचणाऱ्या) इन्स्ट्रक्शनमध्येच सामावतो. ए[आय] आणि ए[आय+१] यांनाही तीच कंसातली बेरीज पुरते.

दुसरा क्रम: (बेस + २४) + ८×आय. इथला कंस लूपमध्ये बदलत नाही, तो बाहेर काढता येतो. कागदावर हाच सरस वाटतो. पण स्टेन्सिलच्या कोडमध्ये, म्हणजे प्रत्येक घटकासोबत त्याचे शेजारीही वाचणाऱ्या लूपमध्ये, शेजारचे पाच घटक लागले, तर पाच बेस पाच रजिस्टर्स धरून बसतात.

रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर मी डोळे मिटून पहिला क्रम घेईन. तिथे लोडला एक रजिस्टर आणि −२०४८ ते २०४७ एवढाच ऑफसेट मिळतो. दुसऱ्या क्रमात प्रत्येक घटकामागे लूपमध्ये एक बेरीज येते. पहिल्यात, झेडबीए एक्स्टेन्शन असेल तर, सगळ्यांसाठी मिळून ८ने गुणणं आणि बेरीज एकदम करणारी एक एसएच३अ‍ॅड.

६४-बिट आर्मचं उत्तर इतकं सरळ नाही. लोड शिफ्ट केलेला (इथे ८ने गुणलेला) इंडेक्स घेतो किंवा स्थिरांक घेतो, दोन्ही एकदम नाही. एकच घटक वाचायचा असेल तर दुसरा क्रम जिंकतो, कारण लूपमध्ये वेगळी बेरीजच उरत नाही. शेजारी वाढले की पहिला.

एक्स८६ला लोडपुरता फरक पडत नाही, तिन्ही पदं एकाच ऑपरंडमध्ये बसतात. मात्र अ‍ॅड्रेसच हवा असेल तर जपा: सँडी ब्रिज ते स्कायलेक या इंटेल चिप्सवर तीन पदांच्या एलईएला (मेमरी न वाचता फक्त अ‍ॅड्रेस काढणाऱ्या इन्स्ट्रक्शनला) तीन सायकल लागतात, दोन पदांच्या साध्या एलईएला एक.

क्रम कोणताही निवडा, आधी इंडेक्सचा टाइप तपासा. सी भाषेत ३२-बिट अनसाइन्ड आय असेल तर आय+३ कमाल मूल्य ओलांडून पुन्हा शून्याकडे वळू शकतो, त्यामुळे २४ सुटा काढणं चुकीचं ठरतं. साइन्ड इंटला ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड असल्याने तिथे मोकळीक आहे, अर्थात एफ-रॅप-व्ही (साइन्ड ओव्हरफ्लोही वळवायला लावणारा कंपायलरचा पर्याय) दिलेला नसेल तर.