ट्रायबर की अर्टिगा : नागपूरच्या कुटुंबासाठी लहान इंजिनाची ऐसपैस गाडी

लांब छपराची आणि मागे सामानासाठी सलग जागा असलेली ‘इस्टेट’ गाडी आपल्याकडे कधी रुजली नाही. टाटांनी १९९२मध्ये त्याच नावाची गाडी आणली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आणि टाटांचीच इंडिगो मरिना आली, पण तिघींचाही बाजार लवकर आटोपला. गरज मात्र संपली नाही. आजी-आजोबा, दोन मुले, बॅगा आणि गावाहून परतताना लादलेली धान्याची पोती असा संसार वाहणारी, तरीही शहरात इंधन खात न बसणारी गाडी आजही हवी असते, आणि ही जागा आता प्रामुख्याने रेनो ट्रायबर आणि मारुती अर्टिगा या सात आसनी गाड्यांनी घेतली आहे. आमच्या घरी ट्रायबर आहे, थोरल्या भावाकडे अर्टिगा आहे आणि दोन्ही घरांत गाड्यांची अदलाबदल नेहमीच होते. त्या वापराच्या आधारे हे लिहीत आहे.

ट्रायबरची लांबी ३.९९ मीटर, तर अर्टिगाची जवळपास ४.४० मीटर आहे. चाळीस सेंटिमीटरचा हा फरक महाल किंवा इतवारीच्या गल्लीत गाडी वळवताना आणि अपार्टमेंटच्या खांबांमध्ये लावताना रोज जाणवतो. करातही तो दिसतो. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला, तर अर्टिगा ४० टक्क्यांच्या गटात गेली. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के वाहन कर लागतो. अर्टिगाची वरची मॉडेले ही दहा लाखांची रेषा ओलांडतात, ट्रायबर तिच्या आतच राहते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जागेकडे येऊ. सातही आसने वापरात असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर जागा उरते आणि तिच्यात दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. अर्टिगात त्याच स्थितीत २०९ लिटर मिळतात, म्हणजे दोन लहान बॅगा निश्चित बसतात. पण पाचच जण प्रवास करणार असतील तर चित्र पालटते. अर्टिगाची तिसरी रांग दुमडल्यावर ५५० लिटर जागा होते, तर ट्रायबरची तिसऱ्या रांगेतील आसने सुटी करून काढता येत असल्यामुळे तिथे ६२५ लिटर मिळतात. लहान गाडीत मोठी डिकी, ही गोष्ट कित्येक ग्राहकांच्या लक्षातच येत नाही. इस्टेट गाडीचे काम अपेक्षित असणाऱ्याने ट्रायबरकडे याच कारणासाठी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक अडचण मात्र आधी ध्यानात घ्यावी : काढलेली आसने घरात कुठेतरी ठेवावी लागतात. आमची मागच्या बाल्कनीत कापडात गुंडाळून असतात. अचानक पाहुणे आले की ती खाली नेऊन बसवणे हे काम आहे, अर्टिगात तीच रांग हाताच्या एका ओढीत उभी राहते. ज्या घरात सहावा-सातवा माणूस न सांगता गाडीत बसतो, त्या घराला हा फरक मोठा आहे.

इंजिनाच्या बाबतीत मात्र अर्टिगाचे पारडे जड आहे. ट्रायबरचे तीन सिलिंडरांचे ९९९ सीसी इंजिन ७२ पीएस (अश्वशक्ती) आणि ९६ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते, अर्टिगाचे १४६२ सीसी इंजिन सुमारे १०३ पीएस आणि १३७ न्यूटन मीटर देते. अर्टिगाचे वजन अधिक आहे हे खरे, पण सात माणसांचे साडेचारशे किलो दोन्हींत मिळवून हिशेब केला तरी टनामागे तिची शक्ती जवळपास पाव हिस्सा जास्त भरते. नागपूरच्या उन्हाळ्यात हा फरक आणखी वाढतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि पंचेचाळीस अंश तर बहुतेक उन्हाळ्यांतले. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, त्यामुळे टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) नसलेल्या या दोन्ही इंजिनांना प्राणवायूच कमी मिळतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर जी शक्ती खेचतो ती लहान इंजिनाच्या वाट्यातून प्रमाणाने मोठी जाते. चिखलदऱ्याचा घाट ट्रायबर चढते, पण भरल्या गाडीने तिथे दुसऱ्या गिअरमध्ये संयमाने चढावे लागते आणि ओव्हरटेकचा विचार लांबूनच करावा लागतो.

समृद्धी महामार्गाचे गणितही असेच आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर कारला १२० ची मुभा आहे, परंतु शंभरवरून एकशे वीसवर जाताना हवेचा अवरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. ट्रायबर शंभरच्या आसपास समाधानाने चालते आणि आम्ही तिला त्यापुढे नेत नाही. महिन्यातून दोनदा संभाजीनगर किंवा मुंबई गाठायची असेल तर अर्टिगाच घ्यावी. तापलेल्या काँक्रीटवर निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासणे दोन्हींसाठी सारखेच आवश्यक आहे.

क्लच दाबून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एवढेच, की अर्टिगाचा सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स (टॉर्क कन्व्हर्टर) ट्रायबरच्या एएमटीपेक्षा, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या व्यवस्थेपेक्षा, सीताबर्डीच्या गर्दीत निश्चितच सुरळीत चालतो.

अर्टिगाच्या सीएनजी मॉडेलचा मोह अनेकांना होतो. कंपनीच्या आकड्यांनुसार ती किलोला २६.११ किलोमीटर देते, पेट्रोलची लिटरला २०.५१. पण नागपुरात हा वायू स्वस्त राहिलेला नाही. मार्च २०२२मध्ये तो किलोला १२० रुपयांवर गेला होता. त्याचा दर पेट्रोलइतकाच धरला तर किलोमीटरमागे साधारण एक रुपया वाचतो आणि सुमारे नव्वद हजारांची जादा किंमत वसूल होण्यास नव्वद हजार किलोमीटर लागतात. वर्षाला दहा हजार चालवणाऱ्याने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. शिवाय सिलिंडर डिकीत बसतो, म्हणजे ज्या जागेसाठी ही गाडी घ्यायची तीच जागा जाते.

शोरूममधून चाचणीसाठी गाडी घेताना बहुधा एकटा चालक आणि विक्रेता असतात, आणि तेवढ्या ओझ्यावर दोन्ही गाड्या सारख्याच चपळ वाटतात. त्यामुळे घरातली सहा माणसे सोबत न्यावीत, दुपारी एसी चालू ठेवून सेमिनरी हिल्सचा चढ चढावा, आणि परत आल्यावर तिसऱ्या रांगेत बसलेल्या सर्वांत उंच माणसाला गुडघ्यांचे काय झाले ते विचारावे.