यामाहा पीएसआर-एसएक्स७०० कीबोर्ड : अकरा महिन्यांनंतर, ठेके आणि टोन कसे लावून ठेवले

लावणीचा एकच ठेका माझ्या पेनड्राइव्हमध्ये सात नावांनी पडला होता. एक मित्राकडून आलेला, दोन विकत घेतलेल्या पॅकमधले, बाकीचे मीच थोडा थोडा फरक करून सेव्ह केलेले. निवेदकाचं बोलणं संपायच्या आत त्यातला नेमका शोधायचा म्हणजे घाम फुटायचा. स्टाइल्स, म्हणजे कीबोर्डवर आपोआप वाजणारे ठेके, गोळा करणं सोपं असतं, त्या वेळेवर हाताशी येणं महत्त्वाचं. म्हणून हा अनुभव रजिस्ट्रेशनबद्दलच, म्हणजे कीबोर्डची मांडणी एका बटणात साठवण्याबद्दलच लिहितोय. आवाजाबद्दल एवढंच, मी समाधानी आहे.

एका रजिस्ट्रेशन बटणात ठेका, लय, उजव्या हाताचे तिन्ही टोन, डाव्या हाताचा टोन, त्यांचे व्हॉल्यूम असं सगळं बसतं. अशी ८ बटणं मिळून एक बँक होते. सुरुवातीला मी टोनप्रमाणे बँका केल्या : बासरीची एक, व्हायोलिनची एक. ते चुकलं. गाणं वाजवताना आपण टोनचा नव्हे, त्या गाण्याचा विचार करत असतो. आता एक गाणं, एक बँक. १ वर सुरुवातीचं म्युझिक, २ वर मुखड्याला साधी हार्मोनियम, ३ वर अंतऱ्याआधीची बासरी. प्रत्येक बँकेत क्रम हाच, त्यामुळे बोट न बघता पडतं.

७ आणि ८ ही बटणं मी गायकांच्या पट्टीसाठी (ज्या सुरावरून गायक गातो तिच्यासाठी) राखून ठेवली. मी पांढरी एकमध्ये वाजवतो. गायकाच्या काळी चारला ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) उणे ४, काळी पाचला उणे २. ही दोन बटणं मेमरीत टाकताना फक्त ट्रान्सपोजवर टिक ठेवायची आणि १ ते ६ टाकताना ती काढायची. मग गायक बदलला तर नुसती पट्टी बदलते, ठेका नि टोन जागच्या जागी. अकरा महिन्यांत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

आता माझी चूक. गणपतीतल्या एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री 'नवीन' फोल्डरमधले ठेके उचलून मी 'लावणी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. छान आवरलं म्हणून झोपलो. स्टेजवर बटण दाबलं, तर ठेका आलाच नाही. रजिस्ट्रेशनमध्ये ठेका स्वतः नसतो, तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. घर बदललं, पत्ता जुनाच राहिला. ढोलकीवाल्या दादांनी सांभाळून घेतलं, नाहीतर गाणं तिथेच बसलं असतं.

तेव्हापासून आधी फोल्डर, मग रजिस्ट्रेशन. लावणी, कोळीगीत, भजन, गरबा, जुनी हिंदी अशी पाच फोल्डर यूएसबीवर न ठेवता कीबोर्डच्या यूजर मेमरीत केली, आणि त्यांची नावं आता बदलत नाही. प्लेलिस्टमधल्या (कीबोर्डवरच्या गाण्यांच्या यादीतल्या) नोंदीही बँकेकडे बोट दाखवतात, तेव्हा बँकेचं नावसुद्धा एकदाच, विचार करून द्यायचं.

भजनाला फ्रीझ, म्हणजे निवडलेल्या गोष्टी बटण बदललं तरी तशाच ठेवणारी सोय, वापरून बघाच. स्टाइल आणि टेम्पो फ्रीझ केले की बटणं बदलली तरी भजनी ठेका हलत नाही, वरचे टोन तेवढे बदलतात. लय चढत गेलेली असताना ती परत मूळ आकड्यावर आपटत नाही, आणि टाळकरी बिथरत नाहीत.

महिन्यातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. सात लावण्यांपैकी दोनच ठेवल्या.