म्युनिक १९३८: तेव्हाच लढायचं की एक वर्ष मिळवायचं?

सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक करार करताना ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्यापुढे दोन वाटा होत्या: चेकोस्लोव्हाकियाचा जर्मनभाषक सीमाभाग, म्हणजे सुडेटनलँड, देऊन हिटलरचा अनुनय करायचा, की फ्रान्ससह चेकोस्लोव्हाकियाच्या पाठीशी उभं राहायचं. यातली कुठली बाजू घ्यावी हे ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी.

अनुनयाचा सर्वांत भक्कम मुद्दा हवाई संरक्षणाचा. सप्टेंबर १९३८ मध्ये स्पिटफायर ही नवी लढाऊ विमानं ब्रिटनच्या एकाच स्क्वॉड्रनकडे यायला लागली होती, बहुतेक स्क्वॉड्रन जुन्या दुपंखी विमानांवर होत्या आणि रडारची साखळी टेम्सच्या मुखाच्या आसपासच होती. वर्षभरात ती पूर्व किनाऱ्यावर पसरली. १९४० साली ब्रिटन तगलं त्यात या वर्षाचा वाटा मोठा आहे. म्हणून चेंबरलेनना भित्रा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

खटकतं ते हे, की हिशेब इथेच थांबवला जातो. ते वर्ष जर्मनीलाही मिळालं, आणि जर्मनीला सोबत मालही मिळाला. चेकांच्या सीमेवरचे डोंगर आणि त्यांतली काँक्रीटची तटबंदी सुडेटनलँडमध्येच होती. तो पट्टा गेल्यावर प्राग उघडं पडलं. त्याआधी, २३ सप्टेंबरला, चेक सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम निघून दहा लाखांवर सैनिक उभे राहिले होते. आठवड्याच्या आत, चेकांना बैठकीत न बसवताच, करारावर सह्या झाल्या. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि स्कोडाच्या कारखान्यासकट शस्त्रसाठा त्यांच्या हाती पडला. मे १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या १० पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनांपैकी सहावी, सातवी आणि आठवी यांची मदार चेक बनावटीच्या रणगाड्यांवर होती. सातवी जर्मन सेनापती रोमेलची. माझं मत इथेच झुकलं.

कुठलीही सवलत पारखताना आधी दोन गोष्टी बघाव्यात: दिलेलं परत घेता येईल का, आणि त्याने समोरच्याची लढण्याची ताकद वाढते का. सुडेटनलँड दोन्हीकडे नापास होतं.

१९३८ चं युद्ध सोपं गेलं असतं असं नाही. फ्रेंच सेनापतींची पश्चिमेकडून खरंच मुसंडी मारायची तयारी होती का, याची शंका राहते, आणि चेकांच्या मदतीला यायला रशियन फौजेला पोलंड किंवा रुमानियातून वाट मिळवावी लागली असती. तरी तेव्हा जर्मनीची पश्चिम तटबंदी अपुरी होती आणि युद्धाच्या भीतीने जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख बेक यांनी ऑगस्टमध्येच पद सोडलं होतं. वर्षभराने ब्रिटन पोलंडसाठी युद्धात उतरलं तेव्हा चेकांच्या सुमारे ३५ डिव्हिजन उरल्या नव्हत्या, आणि २३ ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत अनाक्रमण करारामुळे स्टालिन हिटलरकडे गेला होता.