विकण्याआधी टँकची चौकशी करणारं दुकान

ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला, बाजारातल्या एका आतल्या गल्लीत हे शोभेच्या माशांचं दुकान आहे. घरी दोन फुटी टँक असेल तर मासे इथूनच घ्या, असं मी आता सगळ्यांना सांगते.

माझा टँक 24 × 12 × 12 इंचांचा. काठोकाठ भरला तरी 55-56 लिटर, रेती आणि दगड धरले तर पन्नासच्या आतच. त्यात हनी गुरामी माशांची जोडी आणि तळाशी फिरणारे पांडा कोरी मासे. मासे ठणठणीत, पण गुरामी दिवसभर जावा फर्न या पाणवनस्पतीच्या मागे दडून बसायचे आणि टँक रिकामा वाटायचा. जरा हालचाल दिसावी म्हणून मी टायगर बार्ब मासे आणायला गेले.

दुकानदार दादांनी जाळी हातात घेतलीच नाही. टँक केवढा, आत कोण कोण आहे, फिल्टर कुठला, पाणी कधी बदलता, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "ताई, गुरामीच्या पोटाखाली दोन लांब दोरे असतात ना, टायगर बार्ब नेमके तेच कुरतडतात. हे नका नेऊ." मी एंजल माशाच्या पिल्लांकडे बोट दाखवलं. दिसायला रुपयाच्या नाण्याएवढी, पण पंखांसकट उंचीला सहा इंचांच्या पुढे जातात आणि तोंडात मावेल तो मासा गिळतात. तेही बाद! समोर पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोनदा नाही म्हणणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

त्यांचं म्हणणं असं की गुरामी मुळात घाबरट. मोकळ्या पाण्यात लहान माशांचा थवा निवांत फिरताना दिसला की त्याला धोका नाही हे कळतं आणि तोही बाहेर येतो. थवा शांत हवा. झेब्रा डॅनिओ चपळ, ते खाण्यावर आधी तुटून पडतात आणि गुरामी उपाशी राहतो. निऑन टेट्राला आपल्याकडचा मे महिना सोसत नाही. म्हणून त्यांनी हार्लेक्विन रासबोरा सुचवला: तांबूस अंग, शेपटीकडे काळा त्रिकोण, वाढून जेमतेम दोन इंच. आठाच्या खाली देणार नाही म्हणाले, कारण एकटादुकटा ठेवला तर तोही लपतो.

मासे पकडण्याआधी त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. जे वर आले त्यांतलेच निवडले. एक पंख मिटून कोपऱ्यात उभा होता, त्याला हातही लावला नाही. इथे प्रत्येक टँकला वेगळा स्पंज फिल्टर आणि वेगळी जाळी आहे. बऱ्याच दुकानांत एकच पाणी सगळ्या टँकमधून फिरतं आणि एकाचा रोग सगळ्यांना लागतो, म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

घरी पिशवी वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे सोडले. हार्लेक्विन थोडे स्थिरावले आणि गुरामी खरंच पुढे यायला लागले. नर आता काचेलगत फिरतो, गळ्याखाली निळसर काळा आणि बाकी अंग मधाच्या रंगाचं. इतके दिवस हा रंग मला दिसलाच नव्हता. हा मासा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, म्हणजे आपल्याच देशातला, आणि इतका देखणा!

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि मी ती दादांना तोंडावर सांगितली. फायटर मासे अजून प्लॅस्टिकच्या छोट्या ग्लासांत ठेवलेले असतात. इतकी जाण असलेल्या माणसाने हे बदलायलाच हवं. शिवाय भाव कुठेच लिहिलेले नसतात, विचारावे लागतात. हार्लेक्विन मला पन्नास रुपयांना एक पडला, ऑनलाइन स्वस्त मिळतो, पण ऑनलाइन कोणी "हे नका नेऊ" म्हणत नाही.

रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि दादांना बोलायला वेळ नसतो. मधल्या वारी दुपारी जा, आणि जाताना टँकचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, ते मागतातच.