पोर्टेबल बँड सॉ: वर्षभर फायर लाइनच्या पाइपावर वापरल्यावर

मी पुण्यात फायर फायटिंगच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या लाइनचं काम करतो, डक्टमधले रायझर (उभे पाइप), बेसमेंटमधली स्प्रिंकलरची लाइन, हायड्रंट वगैरे. दिवसभर एकच चालतं, पाइप मोजा, कापा, चढवा, नाही बसला की उतरवून परत कापा. इतकी वर्षं सगळं ग्राइंडर आणि चौदा इंची चॉप सॉवरच (बैठकीवरचं मोठ्या चकतीचं मशीन) केलं. मग आमच्या एका हेल्परच्या हातात ग्राइंडर असताना पाइप खाली बसला, कापलेली फट आवळली आणि चालतं व्हील, म्हणजे कापायची चकती, आत अडकून फुटलं. तुकडा गार्डला लागून गेला म्हणून पोरगं वाचलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच महिन्यात मकिताचा २१०७एफ हा पोर्टेबल बँड सॉ घेतला. आता वर्ष झालं, मशीन रोज हातात असतं, म्हणून जे कळलंय ते सगळं लिहितो.

आधी मशीन काय आहे ते. वायरचं आहे, बॅटरीचं नाही. ७१० वॅट, वजन सहा किलोच्या आसपास, ब्लेड ११४० एमएम लांब आणि १३ एमएम रुंद, दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरतं. गोल पाइप १२० एमएमपर्यंत घेतं. आमच्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा, कारण चार इंची पाइप बाहेरून ११४.३ एमएम भरतो, म्हणजे जेमतेम पण पूर्ण बसतो. स्पीड डायलवर कमी जास्त होतो, साधारण १ ते १.७ मीटर सेकंदाला. किंमत ग्राइंडरच्या कितीतरी पट आहे, ते मान्य.

पहिला कट मारला तेव्हा सगळी पोरं गोळा झाली होती. ठिणगी नाही, धूर नाही, आवाज म्हणाल तर शेजारच्याशी नेहमीच्या आवाजापेक्षा थोडं जोरात बोललं की ऐकू जातं. खाली नारळाच्या किसासारखा बारीक चुरा पडला आणि तुकडा सुटल्यावर पाइपाला हात लावला तर नुसता कोमट. ग्राइंडरच्या कटला कड निळी पडते, जाड बर (कापलेल्या कडेचा खरखरीत कंगोरा) येते, मग कानस मारत बसा, इथे आतून एकदा कानस फिरवली की झालं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपाचा फरक तर लगेच जाणवतो, व्हीलनं कापताना जस्ताचा जो धूर नाकात जातो तो इथे होतच नाही. चालू हॉस्पिटलच्या डक्टमध्ये आम्ही रात्री काम केलंय यावर, खालच्या मजल्यावर पेशंट झोपलेले होते.

आता चुकतं कुठे ते, कारण आमचं पहिल्याच दिवशी चुकलं. तोंडाशी एक पत्र्याची पट्टी असते, तिला आम्ही स्टॉपर म्हणतो. ट्रिगर दाबायच्या आधी ती पाइपाला घट्ट टेकलेली पाहिजे. ब्लेड पाइपात शिरलं की मशीनला ओढतं, स्टॉपर टेकलेला असला तर ती ओढ तिथेच थांबते आणि मशीन शांत राहतं. आमच्या फिटरनं इंचभर फट ठेवून चालू केलं, ब्लेड पाइपाला लागलं आणि अख्खं मशीन हिसका मारून पुढे जाऊन आदळलं. ब्लेडचे चार दात गेले. हात दोन्ही मुठींवर होते म्हणून बाकी काही झालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलाय, स्टॉपर टेकवा, ब्लेड पाइपापासून वर ठेवा, ट्रिगर दाबा, स्पीड पूर्ण येऊ द्या, मग हळूच खाली सोडा.

आणि दाबायचं नाही, ग्राइंडरची सवय असलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही, तो दाबतोच, त्याला वाटतं जोर लावला की लवकर होईल, पण मशीनचं स्वतःचं वजनच पुरतं, आपण फक्त सरळ धरायचं. दाबलं की ब्लेड वाकतं आणि कट तिरका जातो. ग्रूव्ह कपलिंगच्या (पाइपाला खाच पाडून वरून क्लॅम्पनं जोडायच्या) लाइनला पाइपाचं तोंड काटकोनात पाहिजे, तिरकं तोंड चालत नाही. मी पाइपाभोवती सरळ कडेची कागदाची पट्टी गुंडाळतो, कड कडेला जुळली की चॉकनं रेघ मारतो आणि कट झाल्यावर गुण्या लावून बघतो. नवीन मुलाला पहिले दोन दिवस मी भंगारातल्या तुकड्यांवरच बसवतो, हाताचा जोर सुटेपर्यंत लाइनच्या पाइपाला हात लावू देत नाही.

शेवटचे दोन सूत (पाव इंच) राहिले की मशीनचा भार आपल्या हातांवर घ्यायचा. नाहीतर तुकडा सुटतो आणि सहा किलोचं चालतं मशीन सरळ मांडीवर येतं. पाइप चेन वाइसमध्ये (साखळीनं पाइप पकडणारा शिकंजा) आवळायचा आणि कट वाइसच्या बाहेर घ्यायचा, दोन स्टँडच्या मध्ये कधीच नाही, कारण मध्ये कापलं की पाइप खाली बसतो आणि फट ब्लेडला आवळते, त्या दिवशी ग्राइंडरला झालं तेच. सुटणारा तुकडा मोठा असेल तर तो धरायला वेगळा माणूस, पण त्याचे हात लांब. ब्लेडचा उघडा भाग हातभर पण नाही, दिसायला साधा पट्टा दिसतो, त्यामुळे माणूस बेसावध होतो आणि डावा हात आधाराला पाइपावर ठेवतो. माझ्या साइटवर दोन्ही हात मुठीवर नसले की मी काम थांबवतो, मग कुणाला राग आला तरी चालेल. गॉगल लागतोच, चुरा वर उडतो. बाही लोंबकळणारी नको, गळ्यात रुमाल नको. हातमोजे ब्लेड बदलताना घाला, मशीन चालू असताना ढगळे मोजे नको. आणि ब्लेड बदलताना प्लग काढलेलाच पाहिजे, बटण बंद आहे म्हणून भागत नाही.

शिडीवर चढून चालू लाइन कापायची असेल तर आधी ड्रेन उघडून पाणी पूर्ण काढा. वायरचं मशीन आहे, पाइपातलं उरलेलं पाणी थेट मोटरवर येतं. बोर्डला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेलाच पाहिजे. खरं म्हणजे एवढं वजन डोक्याच्या वर धरायचं हे काम एका माणसाचं नाही, आम्ही त्यासाठी शिडी सोडून मचाणच बांधतो.

ब्लेडबद्दल जरा सविस्तर सांगतो, सगळा खेळ तिथे आहे. इंचाला किती दात ते बघून घ्यायचं. पाइपाच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दात लागले पाहिजेत. चार इंची सी क्लास (जाड भिंतीचा) पाइप ५.४ एमएम जाड, त्याला १४ दाती मस्त चालतं. एक इंची बी क्लास (मध्यम भिंतीचा) ३.२ जाड, त्याला १८ दाती. पातळ पत्र्याच्या चौकोनी ट्यूबला किंवा केबल ट्रेला २४. पातळ मालावर १४ दाती लावलं की दात कडेत अडकतो आणि एकामागोमाग एक तुटत जातात, तो कडकड आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ब्लेड बायमेटलच (दोन धातूंचं, दात कडक आणि पाठ लवचिक) घ्या. मी एकदा स्वस्तात मिळाले म्हणून एका दुकानातून डझनभर उचलले, नाव लिहीत नाही, पण पाच ब्लेड दोन दिवसांत जोडावरच तुटले. नवीन ब्लेडचे पहिले चार-पाच कट कमी स्पीडवर हलक्या हातानं घ्या, पुढे जास्त टिकतं. स्टेनलेसला स्पीड खाली, साध्या लोखंडाला वर.

तेल मात्र ओतू नका. हातकरवतीला तेल लावायची आपली सवय असते, पण इथे चाकांवर रबर आहे, तेल लागलं की ब्लेड घसरतं, सुटतं पण. मेणाची कांडी मिळते, चालत्या ब्लेडनं ती थोडी कापायची, तेवढं मेण पुरतं, आणि बिडाला तेही नको. रोज संध्याकाळी झाकण उघडून चाकांवरचा चुरा ब्रशनं झाडतो, पाच मिनिटं लागतात.

घ्यावं का? ज्यांचं काम फॅक्टरीत, चालू बिल्डिंगमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांशेजारी असतं त्यांनी नक्की घ्या, ठिणगीच नाही म्हटल्यावर सेफ्टीवाल्यांशी बोलणं पण सोपं जातं, परमिट (कामाची लेखी परवानगी) मात्र विचारूनच काम सुरू करा. ज्यांना दिवसाला शंभर सारखे तुकडे वर्कशॉपमध्येच कापायचे आहेत त्यांनी उभं बँड सॉ मशीन बघावं, हे त्यासाठी नाही. फक्त एक इंची, दीड इंची लाइन करणाऱ्यांना बॅटरीवरचं छोटं मॉडेल बरं, मकिताचंच १८ व्होल्टचं डीपीबी१८० आहे, ते ६४ एमएमपर्यंत घेतं, म्हणजे दोन इंची पाइप ६०.३ चा आत बसतो, आणि शिडीवर हाताला हलकं पडतं. सहा इंची पाइप १६८ चा, तो २१०७एफमध्येही जात नाही, त्याला आम्ही अजून चॉप सॉच लावतो आणि तो कट मोकळ्या जागेत, बाजूला पाण्याची बादली भरून ठेवूनच घेतो.