कार्डाचं बटण, १९३० आणि संचार साथी: फुकटातल्या तीन सेवा कितपत कामाच्या?

कार्ड आणि फोनवरच्या फसवणुकीपासून वाचवणारं सशुल्क अ‍ॅप किंवा 'कार्ड प्रोटेक्शन प्लॅन' घ्यायचा विचार असेल, तर आधी ज्या तीन गोष्टी फुकट मिळतात त्या वापरून बघा. बँकेच्या अ‍ॅपमधली कार्डाची बटणं, १९३० ही हेल्पलाइन आणि दूरसंचार विभागाची संचार साथी. तिघांची कामं वेगळी आहेत. एक चोरी होऊ देत नाही, दुसरी गेलेल्या पैशांच्या मागे धावते, तिसरी चोराचा नंबर बंद पाडते. लोक यांची गल्लत करतात, भलत्या दारात उभे राहतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणतात.

पहिला नंबर कार्डाच्या बटणांचा, आणि तो वादातीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे डेबिट आणि क्रेडिट कार्डावर ही सोय बँकांना द्यावी लागते. नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनमध्ये घालून चालतं. ऑनलाइन वापर, परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, तिन्ही बंद असतं. ज्याला हवं त्याने चालू करायचं. घोळ इथेच होतो. कार्ड आल्या दिवशी तिन्ही बटणं चालू केली जातात आणि मर्यादेची पट्टी बँकेने दिलेल्या कमाल आकड्यावर तशीच राहते. खात्यात दोन लाख असतील आणि रोजची ऑनलाइन मर्यादाही दोन लाखच असेल, तर मर्यादा असून नसल्यासारखी.

आधी परदेशी व्यवहाराचं बटण बंद करा. भारतातल्या वेबसाइटवर कार्ड वापरलं की ओटीपी येतो, कारण देशांतर्गत व्यवहारांना दुहेरी पडताळणीची सक्ती आहे. अनेक परदेशी वेबसाइटवर मात्र कार्डाचा नंबर, मुदतीचा महिना-वर्ष आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापले जातात. 'ओटीपी आलाच नाही, तरी डॉलरमध्ये पैसे गेले' अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. प्रवासाला निघताना बटण चालू करायचं, परतल्यावर बंद. एखाद्या परदेशी अ‍ॅपची मासिक वर्गणी याच कार्डावर असेल तर ती अडकेल, तेवढं लक्षात ठेवा. अशा वर्गणीसाठी कमी मर्यादेचं वेगळं क्रेडिट कार्ड ठेवणं बरं.

टॅपला १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. कार्ड हरवलं तर सापडलेला माणूस पिन न वापरता, रोजच्या मर्यादेत बसेल तितक्या वेळा ते टेकवू शकतो. बँक परवानगी देत असेल तर टॅपची मर्यादा हजारावर आणा, नाहीतर बटणच बंद ठेवा. डेबिट कार्डाचं ऑनलाइन बटण खरेदीपुरतं उघडायचं. एटीएमची मर्यादा एरवी एका वेळी जेवढे काढता तेवढीच ठेवा, घरात लग्नकार्य निघालं की वाढवता येतेच.

कार्ड बंद केलं म्हणजे खातं बंद झालं, असं मात्र समजू नका. यूपीआय त्याच्या वाटेने चालूच राहतं. उलट, यूपीआयचा पिन नव्याने लावताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारली जाते, सोबत ओटीपी. 'पूर्ण नंबर नको, फक्त शेवटचे सहा आकडे सांगा' असं फोनवरचा माणूस इतक्या सौजन्याने का म्हणतो, ते यावरून कळावं.

एक दोष नोंदवायलाच हवा. ही बटणं प्रत्येक बँकेने वेगळ्या कपाटात ठेवली आहेत: कुठे 'कार्ड्स', कुठे 'सर्व्हिसेस', कुठे तीन पायऱ्या आत. अ‍ॅप वापरत नसाल तर एटीएम, नेटबँकिंग किंवा कार्डामागच्या नंबरवरच्या आवाजी मेन्यूतून मार्ग असतो. छोट्या सहकारी बँकेत सरळ शाखेत जाऊन विचारलेलं उत्तम.

पैसे गेल्यावर दुसरी सेवा, १९३०. २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, आता तो विसरा. केंद्रीय गृहमंत्रालयाची ही यंत्रणा आहे, पण फोन उचलतात त्या राज्याचे पोलीस. ऑपरेटर तपशील भरून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, तयार करतो आणि ते ज्या बँकेत पैसे गेले तिच्यापर्यंत पोहोचतं. पैसे अजून त्या खात्यात असतील तर बँक तेवढी रक्कम गोठवते. पुढे सरकले असतील तर तिकीट पुढच्या बँकेकडे जातं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरवून शेवटी एटीएमवर काढतात. एकदा नोटा बाहेर पडल्या की गोठवायला काही उरत नाही. पोलीस पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणतात ते यामुळे. आधी घरच्यांशी चर्चा, मग शाखेत चक्कर, मग उद्या सकाळी पोलीस ठाणं, हा क्रम चुकीचा आहे.

फोन लावण्याआधी एका कागदावर या गोष्टी लिहून घ्या: आपल्या बँकेचं नाव आणि खाते किंवा कार्ड क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा तो १२ आकडी असतो आणि अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी असेल तर तोही. तीन वेळा पैसे कापले गेले असतील तर तिन्ही क्रमांक हवेत. एकच सांगितला तर बाकीच्या दोन रकमा मोकळ्या सुटतात. पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे आकडे इथे सांगायची गरज नसते.

लाइन व्यस्त लागली तर वाट बघत बसू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर आर्थिक फसवणुकीचा पर्याय निवडून तक्रार भरायला घ्या आणि दुसऱ्या फोनवरून नंबर लावत राहा. फोनवर तक्रार झाली तर पोचक्रमांकाचा एसएमएस येतो. तो घेऊन २४ तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरावी लागते, आणि अनेक जण इथेच ढिले पडतात.

१९३० ची मर्यादाही स्पष्ट आहे. रक्कम गोठली म्हणजे परत मिळाली नव्हे. ती खात्यावर यायला पुढची प्रक्रिया लागते, मोठ्या रकमेला बहुधा न्यायालयाचा आदेश. शिवाय या यंत्रणेचा फटका कधीकधी भलत्यालाच बसतो: चोराने फिरवलेल्या पैशातून कुणी दुकानात सामान घेतलं तर त्या दुकानदाराची रक्कमही अडकते. पण भरधाव पळणाऱ्या पैशाला आडवं जाणारं दुसरं काही सामान्य माणसाच्या हातात नाही. त्यामुळे दुसरा नंबर, आणि तोही फोन लवकर लावला तरच.

आणि हो, १९३० ला कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं होत नाही. बँकेला वेगळं कळवायचं, लेखी किंवा अ‍ॅपमधून, आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर टपून असतात. कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा. वेबसाइट हवी असेल तर आता बँकांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर संपतात. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जाण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलं होतं.

तिसरी, संचार साथी. हिचं पोर्टल मे २०२३ मध्ये आलं, अ‍ॅप जानेवारी २०२५ मध्ये. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस हे अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यायचा आदेश निघाला, गदारोळ झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तो मागे घेतला गेला. अ‍ॅपला कॉल लॉग, एसएमएस वगैरेंची परवानगी देणं नको वाटत असेल तर नका देऊ. जवळजवळ सगळी कामं वेबसाइटवरून, अ‍ॅप न घेता होतात. आमचा कल वेबसाइटकडेच.

इथली सर्वांत कामाची खिडकी म्हणजे आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणारी. मोबाईल नंबर आणि ओटीपी दिला की यादी उघडते, नंबरांचे मधले आकडे झाकलेले असतात. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'हा माझा नाही' आणि स्वतःचाच जुना, नको असलेला दिसला तर 'गरज नाही' निवडायचं. इथे घाई नडते. गावाकडच्या आईच्या फोनमधलं सिम, मुलीला दिलेलं जुनं सिम, वायफाय डोंगलचं सिम, हे सगळं आपल्याच कागदपत्रांवर घेतलेलं असतं आणि आठवत नाही. 'माझा नाही' दाबलं की कंपनी पडताळणी करते आणि नंबर बंद होतो. तोच नंबर आईच्या पेन्शनच्या खात्याला जोडलेला निघाला तर निस्तरताना नाकीनऊ येतात. शेवटचे आकडे घरातल्या प्रत्येक फोनशी ताडून मगच बटण दाबा.

दुसरी खिडकी चक्षू, मार्च २०२४ पासून. 'केवायसी संपली', 'तुमचं पार्सल अडकलं', 'आज रात्री वीज कापणार' असे कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश गेल्या ३० दिवसांतले असतील तर इथे कळवायचे. प्रकार निवडा, स्क्रीनशॉट जोडा, तारीख-वेळ भरा. पैसे गेले असतील तर ही जागा तुमची नाही. अनेक जण इथे तक्रार टाकून निश्चिंत होतात आणि १९३० चा पहिला तास वाया घालवतात. सूचना दिल्यावर त्या नंबरचं पुढे काय झालं याचा समाधानकारक तपशील हाती येईल अशी अपेक्षाही ठेवू नका. हे सार्वजनिक काम आहे, स्वतःची वसुली नव्हे.

हरवलेला फोन बंद पाडायची सोयही इथेच आहे. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. हा क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो, पण फोन हरवल्यावर दाबणार कुठे? आजच दाबून वहीत लिहून ठेवा किंवा खरेदीचं बिल जपा. ओटीपीसाठी आधी त्याच नंबरचं नवं सिम घ्यावं लागतं, आणि सिम बदलल्यावर २४ तासांपर्यंत एसएमएस येत नाहीत. ही अडवणूक नाही. चोराने तुमच्या नावाचं सिम काढलं तर त्याला लगेच बँकेचे ओटीपी मिळू नयेत म्हणून ती आडकाठी ठेवली आहे. जुना फोन विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी केवायएम असं इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' उत्तर आलं तर फोन आहे तिथेच ठेवा.

या तिन्ही सेवांच्या हाती न लागणारी फसवणूकही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने 'डॉट एपीके' फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती टिचकी मारून बसवली आणि एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी थेट चोराकडे जातात. कुणाला काही सांगावं लागत नाही. चलान कधीही एपीके फाइल म्हणून येत नाही. ते परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या गव्ह डॉट इन वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघायचं. फाइल बसवून झाली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी तिथे येतील, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. अ‍ॅप सेटिंगमधून निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून काढावं लागतं. तरीही शंका उरली तर फॅक्टरी रीसेट.

दुसरी वाट कॉल फॉरवर्डिंगची. कुरिअरवाला म्हणून बोलणारा माणूस *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा, पुढे दहा आकडी नंबर असलेला कोड डायल करायला सांगतो. तो लागला की तुमचे कॉल त्याच्या फोनवर वाजतात, कॉलवरून सांगितले जाणारे ओटीपी त्यात आलेच. ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. वयस्कर माणसांच्या फोनवर हे एकदा करून टाकायला हरकत नाही.

कॉल खरा की खोटा, हे ओळखायला नंबराची मदत होते. बँकांनी सेवेसाठी करायच्या कॉलना १६०० ने सुरू होणारी मालिका दिली आहे, जाहिरातीच्या कॉलना १४०. एसएमएसच्या नावामागे मे २०२५ पासून एक इंग्रजी अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. 'बँकेचा' संदेश दहा आकडी मोबाईल नंबरावरून आला तर वाचायचीही तसदी घेऊ नका. महावितरणचंही तसंच, खऱ्या संदेशाच्या हेडरमध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावात, एमएसईडीसीएल असतं.

आता बँकेकडून काय मिळू शकतं ते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला झळ नाही. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच ठिकाणी माहिती फुटली असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी. त्यापुढे बँकेच्या धोरणानुसार. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी लाजून गप्प बसू नये; दर पाच मिनिटांनी नवा व्यवहार होत असेल तर तो फोन शब्दशः पैसे वाचवतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. सोबत बँकेला केलेल्या तक्रारीची तारीख असलेली प्रत जोडावीच लागते. शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना तोंडी सांगितलेलं तिथे चालत नाही. पतसंस्थेतला पैसा असेल तर हे दार नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे.