खडीच्या घाटरस्त्यांवर एक्सपल्स २०० ४व्ही : काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याहून भोर, वेल्हे आणि पानशेतच्या पलीकडील डोंगरवाड्यांकडे जाणाऱ्या कित्येक रस्त्यांचे खडीकरण होते, पण डांबरीकरण मात्र रखडते. अशा रस्त्यांसाठीच मी हीरो एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल घेतली. तीव्र वळणाच्या आणि सैल खडीच्या घाटात ताकदीपेक्षा गाडीचे वजन व संथ वेगातील ताबा अधिक मोलाचा असतो, असे माझे ठाम मत या वापरातून झाले आहे.

१९९.६ सीसीचे इंजिन, सुमारे १९ अश्वशक्ती आणि १७.३५ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) हे आकडे महामार्गासाठी माफक आहेत. घाटात मात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) स्थिर ठेवला, की गाडी न अडखळता चढते. मागचे चाक जागीच फिरू लागल्यावर थ्रॉटल वाढवला तर ते खडी उकरून आणखी रुतते, म्हणून अशा वेळी जोर किंचित कमी करणेच हिताचे. चढावर मध्येच थांबावे लागले, तर भार मागच्या चाकावर असल्यामुळे केवळ पुढचा ब्रेक धरून गाडी मागे घसरू शकते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणि डावा जमिनीवर हवा. ८२५ मिलिमीटर उंचीच्या सीटवरून मला हे जमते. याच गाडीच्या प्रो प्रकाराची सीट ८९१ मिलिमीटर उंच असल्याने मध्यम उंचीच्या माणसाने घाटासाठी ती घेण्यापूर्वी उतारावर उभी करून पाहावी.

खरी परीक्षा उतारावर होते. तिथे सगळा भार पुढे येतो आणि वळणात पुढचे चाक जाम झाले, की हँडल वळवूनही गाडी वळत नाही. त्यामुळे वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा, खालचा गिअर टाकावा आणि क्लच न दाबता इंजिनलाच गाडी रोखू द्यावी. या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला असून २०२३ पासून त्याचे रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन मोड मिळतात. सैल खडीवर रोड मोडमधील एबीएस ब्रेक वारंवार सोडतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. ऑफ-रोड मोडमध्ये त्याचा हस्तक्षेप कमी होतो. रॅली मोडमध्ये एबीएस बंदच होतो, आणि एका बाजूला दरी असलेल्या उतारावर तो मोड वापरणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

पुढचे २१ इंची चाक मोठ्या दगडावरूनही सहज जाते, परंतु ते कुठून न्यायचे हे चालवणाऱ्यानेच ठरवायचे असते. जीपच्या चाकोरीत खडी दबलेली असते. दोन चाकोऱ्यांच्या मधे आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला ती साचते. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहून गुडघ्यांनी टाकी धरली आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवली, की गाडी खाली थोडी हलली तरी तोल जात नाही. पावसाळ्यात मुरूम निसरडा होतो आणि पाण्याने रस्त्यात चर पडतात, तेव्हा मात्र सुमारे १६० किलोचे वजन हीच या गाडीची सर्वांत मोठी देणगी ठरते, कारण ती एकट्याला उचलता येते.

स्पोकची चाके असल्यामुळे टायरमध्ये ट्यूब आहे. खडीसाठी हवा थोडी कमी करणे उपयुक्त असले, तरी फार कमी केल्यास दगडाच्या माऱ्याने ट्यूब रिमला चेपून फाटते. मी २१ इंची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि छोटा पंप नेहमी सोबत ठेवतो. अडचणीत तीच ट्यूब मागच्या १८ इंची टायरमध्येही काम भागवते. खडीवरच्या नियमित वापरानंतर स्पोक तपासून चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घ्यावा लागतो. उन्हाळ्यातील धुळीमुळे एअर फिल्टर आणि चेन यांची सफाईदेखील डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी लवकर करावी लागते, आणि हा खर्च व वेळ खरेदीच्या हिशेबातच धरावा.